पंचावन्न किलोच्या आत

९ डिसेंबर, मंगळवार

सत्तावन्न किलो दोनशे ग्रॅम. गिरणीवाल्या ज्ञानूकाकांनी आकडा मोठ्यानं वाचला. म्हणजे भाताची पोती घेऊन थांबलेल्या अख्ख्या मार्गासनीला कळला. आमच्या कबड्डीच्या सरांनी, सर्जेराव सरांनी, टीमला तिथंच रांगेत उभं केलं होतं — गावात मोठा काटा तेवढाच.

रविवारी नसरापूरला स्पर्धा. मुलींचा गट, ५५ किलोच्या आतला. पुण्याच्या क्लबची माणसं मुली निवडायला येणार आहेत. दोन वर्षं लेफ्ट कॉर्नर खेळतेय ती ह्याच दिवसासाठी.

सर म्हणाले, "पाच दिस हायत. भाकरी बंद. शनवारी पाणी बंद. स्वेटर घालून पळायचं. सारिकाला इचार कसं करायचं."

सारिका, माझी मैत्रीण, आमची रेडर. दिवाळीपासून तिचं हेच चाललंय. तिचे चोपन्न नऊशे. टाळ्या वाजल्या तिला.

१० डिसेंबर

बीएमआय काढला. सोपं आहे — वजनाला उंचीनं भागायचं, परत उंचीनंच भागायचं. उंची मीटरमध्ये. माझा २१.३. आपल्याकडच्या मोठ्या माणसांना साडेअठरा ते तेवीस ठीक धरतात. मग मी कमी काय करायचं? जे जास्त नाहीचे ते?

आणि त्या आकड्याला मसल कुठली, चरबी कुठली ते कळत पण नाही. माझ्या मांड्या जाड आहेत. असू देत. त्यांच्यामुळंच रेडर परत जात नाही.

मग सारिकाचा काढला. उंची एक मीटर त्र्याहत्तर. आला १८.३. तिला दाखवला तर म्हणाली, "तू काय डॉक्टर झालीस व्हय? निवड हू दे, मग खाते की."

११ डिसेंबर

सरांना सांगितलं, मी उपाशी राहणार नाही, माझा बीएमआय नॉर्मल आहे.

"बीएमआयनं बोनस मिळतो का गं अंजुम?"

सगळ्या हसल्या. सारिका पण.

मी म्हटलं, "नाही सर. पण चक्कर आली तर पकड पण मिळत नाही." त्यावर कुणी हसलं नाही.

घरी सांगितलं तर अब्बा जेवताजेवता म्हणाले, "आपला टेम्पो घे. रेडिएटरातलं पाणी संपलं की विंझरच्या पुढं जातोय का?" अम्मीनं माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

१२ डिसेंबर

पाच किलोमीटर पळाले. स्वेटर न घालता. भाकऱ्या दोन.

१३ डिसेंबर

खरं लिहायचं तर दुपारी दोन तास पाणी नाही प्यायले. बघू म्हटलं, जमतंय का. जमत होतं! त्याचीच भीती वाटली. मग तांब्याभर प्यायले, उभ्या उभ्या.

१४ डिसेंबर, रविवार

छप्पन्न नऊशे. बाहेर.

माझ्या जागी राखीवातली फौजिया खेळली. मी कडेला पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले. सेमी फायनलला हरलो, पण सारिकाच्या रेड्स बघून क्लबवाल्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. अख्ख्या टीममधून तिचं एकटीचं.

सर जाताजाता म्हणाले, "बघ. मेली का ती?"

घरी येऊन रडले, लई रडले. पण चुकले असं अजून वाटत नाही. परत विचारलं तरी नाहीच म्हणेन.

१६ डिसेंबर

सारिका पेढे घेऊन आली. सगळ्यांना दिले, स्वतः घेतला नाही. मग मला मागच्या दारी नेलं.

"अंजू, तू वाचतीस ना ते सगळं. दिवाळीपास्नं माझी पाळी न्हाई आली. उपाशी ऱ्हाऊन असं व्हतं का गं?"

"होतं. डॉक्टरला दाखव. उद्याच."

"येडी का तू? आईला कळलं तर पुण्याला जाणं बंद. सर तर नावच काढून टाकत्याल माझं. शपथ घे, कुणाला बोलणार न्हाईस."

घेतली. हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतली. दिवसभर तोच हात जड झालाय.

१८ डिसेंबर

लीलाकाकूंना, सारिकाच्या आईला, सगळं सांगून टाकलं. सारिकाच्या समोर. सारिका म्हणाली, "तुझी निवड न्हाई झाली म्हणून केलंस तू." म्हणू दे. आत्ता वेल्ह्याच्या दवाखान्याच्या रांगेत आहोत, तिघी एकाच बाकावर. ती माझ्याकडं पाठ करून बसलीये. पुढं चार पेशंट आहेत.