सड्यावर आकाश धूसर

२९ मार्च
देवेश ठाण्याला परत गेला. जाण्यापूर्वी आमचं ठरलं: अठरा एप्रिलची आकाश-फोटोग्राफीची कार्यशाळा मी एकटीने पार पाडली, तर मला ठाण्याला नेण्याचा विषय कायमचा बंद. नाही पाडली, तर मे महिन्यात मालवणच्या घराला कुलूप. म्हणे, आई, एकाहत्तराव्या वर्षी एकटीने राहणं हा हट्ट आहे. मी म्हटलं, हट्ट नाही, तो माझा पत्ता आहे. लेडीने आवाज चढवू नये असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिनांनी शिकवलं होतं. मी चढवला नाही. फक्त दार आपटलं.

३ एप्रिल
जाहिरात दिली. 'कोकणातलं वाळवंट: सड्यावरची तारांकित रात्र.' गावावरच्या सड्याच्या पठाराला वाळवंट म्हणायला हरकत नाही. काळा कातळ, ना झाड, ना दिवा. सहा नावं आली. छत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रात्रपाळ्या सांभाळल्या. सहा माणसं म्हणजे काहीच नाही.

६ एप्रिल, रात्री साडेआठ
रंगीत तालीम. आकाश धूसर. बॅटरी धरायला शेजारची शेवंती होती. ती म्हणाली, "खंय आसा धुक्यां? माका दाखवा तरी, बाईनू." तिच्या घरातल्या तीन पिढ्या होड्या घेऊन समुद्रात गेल्या, म्हणून काय तिला हवामान कळतं?

९ एप्रिल
पुन्हा धूसर. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती रंगीत कडं. दमट हवा. हवामानाचं ॲप मात्र रोज 'निरभ्र' म्हणतं. कंपनीला कडक ईमेल लिहिली आणि एक स्टार दिला. तेवढा एकच दिसला या आठवड्यात.

१२ एप्रिल
शेवंतीला बांगड्याचं तिखलं पाठवलं. तिने भांडं परत देताना विचारलं, "खवले काढूक इसारल्यात काय गो बाई?" हल्ली बांगड्यांचे खवलेच पारदर्शक येतात, त्याला मी काय करू? तालमीचे फोटो छापून आणले. तांदळाचं पीठ सांडल्यासारखे तारे. याला सॉफ्ट फोकस म्हणतात. ती माझी शैली आहे.

१५ एप्रिल
बाबली आला. देवळातली गाऱ्हाणी हाच घालतो. म्हणाला, रात्रीचं सड्यावर जाताय तर नारळ ठेवा, सड्याच्या राखणदार देवाला सांगून जा. मी म्हटलं, हा सायंटिफिक कार्यक्रम आहे. तो म्हणाला, "मगे ढग इले तर माका बोलू नकात." ढग कमी दाबाच्या पट्ट्यामुळे येतात, हे त्याला समजावलं. जाताना नारळ उंबऱ्यावर ठेवून गेला. उद्धट.

१८ एप्रिल, शनिवार, दुपारी तीन
सगळं तयार. सूचनांचे कागद सहा. ट्रायपॉड दोन. देवेशला मेसेज: 'उद्या सकाळी अभिनंदनाचा फोन कर, दहानंतर.'

१८ एप्रिल, रात्री साडेअकरा
पेन दोनदा आपटलं. रागाने.
सडा चढलो तेव्हा आठ वाजले होते. आकाश दुधासारखं. एक चांदणी नाही! तरी न बोलावता आलेला बाबली नारळ घेऊन पुढे, आणि सहाही जण, शिकलेली माणसं, त्याच्या मागे हात जोडून. "बा देवा म्हाराजा! ह्या बाईनी जो काय फोटोंचो घाट घातल्यानी हा, तेच्यात काय आडां-वाकडां आसात तर ता दूर कर आणि हेंका येश दी रे म्हाराजा!" सगळ्यांनी ओरडून म्हटलं, होय म्हाराजा! मी म्हटलं नाही. माझी काही तत्त्वं आहेत.
मग मी वर बघितलं आणि स्पष्ट जाहीर केलं: ढगांमुळे कार्यशाळा रद्द.
कोल्हापूरहून आलेली अनुजा हळूच म्हणाली, मॅडम, सप्तर्षी तर समोरच आहेत. मी म्हटलं, ॲपवर असतील. बॅटरी धरलेली शेवंती म्हणाली, "बाईनू, आभाळ भरान गेलाहा चांदण्यांनी." म्हणजे सगळे एका बाजूला, मी दुसऱ्या. सहांतल्या चंदनचं कुडाळला चष्म्याचं दुकान आहे. त्याने फार मऊ आवाजात विचारलं, मावशी, तुम्हाला दिव्याभोवती कडं दिसतं का? मी म्हटलं, सगळ्यांनाच दिसतं.
कोणालाच दिसत नाही.

१९ एप्रिल
देवेशचा फोन दहाला वाजला. उचलला नाही. साडेदहालाही.

२० एप्रिल
अनुजाने फोटो पाठवला. भिंग घेऊन पाहिला. सड्यावर एक बाई आकाशाकडे बोट दाखवून भांडते आहे आणि तिच्या डोक्यावर हजारो तारे. बाई ओळखीची आहे. साडी माझीच.
अनुजाने लिहिलं आहे, की माझ्या सूचनांच्या कागदामुळेच हा फोटो जमला. सगळ्यांना छान फोटो मिळाले म्हणे. म्हणजे कार्यशाळा पार पडली. फक्त मला कळवायचं राहिलं.

२२ एप्रिल
कुडाळ. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, 'चांगले पिकलेले.' आंबा आहे का? शेवंतीने बसमध्ये माझा हात धरला होता. मी सोडवला नाही. गर्दी होती.
देवेशला फोन केला. तो जिंकल्यासारखं बोलला असता, तर मी भांडले असते. तो रडला. आता माणसाने काय करावं?

१७ मे, ठाणे
दोन्ही ऑपरेशन्स उत्तम. ऑपरेशनपुरतीच आले आहे. देवेशने लहान खोलीच्या दारावर माझ्या नावाची पाटी लावली आहे. पितळी.
शेवंतीचा फोन. किल्ली खुंटीला आहे, अंगण झाडते, "हंय आभाळ निवळ आसा, केव्हा येतलात?" लाईन खराब होती, उत्तर देता आलं नाही.
रात्री गॅलरीत गेले. नव्या डोळ्यांना समोरच्या इमारतीतला चौदाव्या मजल्यावरचा टॉवेल दिसला, त्याची किनारसुद्धा. मग वर बघितलं. चार तारे. त्यातला एक सरकत सरकत विमानतळाकडे गेला.
सूनबाईला, नम्रताला, बोलावून विचारलं, धूसर आहे का? ती म्हणाली, नाही आई, आज आकाश अगदी स्वच्छ आहे.
मी म्हटलं, होय म्हाराजा.