तव्यावरचं बी

नववा महिना, तिसरा दिवस

नवरा आला! अकरा दिवसांनी. माडीवर राहणाऱ्या परदेशी साहेबाला हवं होतं ते पिवळ्या फुलाचं बी आणलंय. मूठभर, तेही ओलं. खिंडीपलीकडच्या कड्यावर दोराला लोंबकळून काढलं म्हणे. पायाची दोन बोटं काळी पडलीत, आणि वर हसतोय! "अगं, अजून आठ आहेत."

साहेब लीज्यांगच्या बाजाराला गेलाय. माडीवर तो पाला दाबून वाळवतो, त्याचे कागद मीच बदलते. बीही मीच सुकवलं. तव्यावर परतून.

पाचवा दिवस

साहेब परतला. बी पाहून पहिला प्रश्न — "चुलीजवळ नाही ना नेलं? ऊब लागली की मरतं."

हे बी पेरायचं होतं! त्याच्या देशात, बागेत! मला वाटलं औषधाला. वीस वर्षं औषधवाल्याला बी देतेय. न परतलेलं तो हातात धरत नाही. आधी सांगायला या लांबनाक्याचं तोंड झिजलं असतं?

म्हटलं, "नाही नेलं."

त्यानं चिमूटभर वाडग्यात पेरलं. उगवलं नाही तर नवरा पुन्हा जाईल म्हणाला. आणि नवऱ्यानं मान डोलावली! लंगडतोय, तरी डोलावतोय!

बारावा दिवस

काही नाही.

एकोणिसावा दिवस

काही नाही. साहेब सकाळ-संध्याकाळ वाडग्यात नाक घालतो. खिंडीवर पांढरं दिसायला लागलं. नवरा दोर वळतोय.

"नको जाऊस."

"शब्द दिलाय, कुन्मेच्या आई."

"शब्दाची बोटं झडत नाहीत. तुझी झडतील!"

खरं सांगितलं तर तो आजच निघेल. नाही सांगितलं तर चार दिवसांनी, साहेबानं वाट बघणं सोडलं की. काय करू?

विसावा दिवस

ओढ्याकाठी लाल फुलाची पिल्लं उगवलीत. पिवळ्याचंच भावंड. पान तेच, फूल येईपर्यंत देवालाही कळायचं नाही. राईएवढी नऊ उपटली, शेवाळात गुंडाळून आणली. साहेब अंगणात दाढी करत होता, तेवढ्यात काडीनं वाडग्यात खोचली. घाईत एक मोडलंच. आठ उरली.

एकविसावा दिवस

साहेब नाचला! खरंच, पाटावर! भिंग लावून बसलाय — "हेच! हेच!" नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी चूल फुंकत राहिले.

बाविसावा दिवस

धुणं घेऊन आले तर घरात दोर नाही. नवराही नाही. साहेब खुशीत म्हणाला, "इतकं छान उगवतं, तर अजून तितकंच हवं ना!"

खिंड दिसेनाशी झालीय.