बाहेरच्या बाजूचं हँडल

१२ एप्रिल

इतके दिवस एक ओळही लिहिली नाही, माफी असावी. कोणी कोणाला माफ करायचं हे ठरवत बसले तर आजचाही दिवस जाईल. बँकेने चारुदत्तची बदली कोलकात्याला केली, नाशिकचं घर आवरलं, ट्रक गेला, मागोमाग आम्ही आलो. खोकी उघडता उघडता महिना सरला.

न्यू टाउनमधलं हे घर मला मनापासून आवडलं आहे. अकरावा मजला, भरपूर वारा, समोर दुसरी इमारत आणि तिच्या पलीकडे तळं. चारुदत्तचं ऑफिस सॉल्ट लेकला, म्हणजे जवळच. माझं काम पुण्याच्या कंपनीचं, घरूनच; आतल्या खोलीत टेबल मांडलं आणि संसार लागला.

आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हॉलची बाल्कनी पसंत पडली. गेल्या दोन वर्षांत त्यांची आठवण विरत चालली आहे. आपण नाशिकला आहोत की आणखी कुठे, हे कधी कळतं, कधी नाही. मला दिवसातून कितीदा तरी विचारतात, तू कोण गं? जीभ मात्र शाबूत आहे. आज चहाचा घोट घेऊन म्हणाल्या की चहा आणि भांडी विसळलेलं पाणी यात फरक असतो, हे तुझ्या आईने सांगितलं नाही का. चारुदत्त हसला. मीही हसले. पण मग ओट्यापाशी जाऊन थोडा वेळ उभी राहिले, हेही लिहायला हवं.

बाल्कनीचं दार यूपीव्हीसीचं आहे, पांढरंशुभ्र, दुहेरी काचेचं. आपल्या जुन्या कडीसारखं नाही. दार लोटायचं आणि हँडल वर उचलायचं, म्हणजे आतले आकडे चौकटीत जाऊन बसतात. नुसतं लोटलेलं दार बंद दिसतं, पण बंद नसतं.

१६ एप्रिल

दाराचं हँडल जड जायला लागलं होतं. आई म्हणाल्या, खोबरेल सोड. नाशिकला दर दिवाळीत कड्या-कोयंड्यांना खोबरेल लागायचं, म्हणून मीही विचार न करता सोडलं. दोन दिवसांत तेलात धूळ बसली आणि हँडल अडकलं ते अडकलंच.

सोसायटीच्या ऑफिसने तपनदा नावाच्या मिस्त्रीला पाठवलं. गप्पिष्ट माणूस. स्वतःला दारांचा डॉक्टर म्हणवतो. आतलं यंत्र बाहेर काढून हुंगलं आणि हिंदीत विचारलं, दीदी, याची भाजी करणार होता का? या दारांना तेल नाही, सिलिकॉनचा स्प्रे मारायचा. शिवाय कोलकात्याच्या दमट हवेत दारांचेही सांधे धरतात, इथल्या माणसांसारखेच, असं म्हणाला. बंगाली नववर्षाची संदेश मिठाई त्याला दिली, ती खाता खाता त्याने सगळं पुसून पुन्हा बसवलं.

बाहेरच्या हँडलची स्प्रिंग मात्र तुटली आहे. ते काढून नेलं. तसलंच सियालदहकडच्या बाजारात मिळेल म्हणाला. तोवर दार फक्त आतूनच उघडेल, हे त्याने मला दोनदा बजावलं. आणखी एक सांगितलं: दार लावलं की दर वेळी हँडल वर उचला, नाहीतर दार आपल्याच वजनाने खाली बसतं.

हे मी फारच मनावर घेतलं आहे. दारावरून जाताना हात आपोआप हँडल उचलतो. चारुदत्त म्हणतो, मंजू दाराला सलाम ठोकते.

२१ एप्रिल

ऊन वाया जातंय, असं आई घोकत होत्या. शेवटी सांडगे घातले. आदल्या क्षणाचं न आठवणाऱ्या त्या बाईंच्या बोटांना मिठाचं प्रमाण बरोबर आठवलं. आता रोज वाळवणाजवळ खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन बसतात आणि इथल्या कावळ्यांना अस्सल नाशिकच्या शिव्या देतात. फार दिवसांनी त्यांना असं रमलेलं पाहिलं.

तपनदा अजून हँडल घेऊन आलेला नाही. फोन करायला हवा.

२४ एप्रिल

आज एक अपघात झाला.

आई बाहेर वाळवणाजवळ होत्या. मी मीटिंगसाठी आतल्या खोलीत जाताना सवयीने दार लोटलं, हँडल उचललं. मीटिंग लांबत गेली. कानांना हेडफोन, त्यात दुहेरी काच. काही ऐकू आलं नाही. बाहेर आले तेव्हा हॉलभर ऊन पसरलं होतं आणि मग लक्षात आलं.

आई काचेला अगदी लागून उभ्या होत्या. कोसळल्या नव्हत्या. जांभळं लुगडं नीटनेटकं, अंगावर घामाचा टिपूस नाही. मी दार उघडलं तशा शांतपणे आत आल्या आणि म्हणाल्या, “मंजुषा, पाणी दे गं.”

माझं नाव त्यांच्या तोंडून किती महिन्यांनी ऐकलं. मला रडूच फुटलं.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन तपासून गेले. सगळं ठीक आहे म्हणाले, त्यांनाच नवल वाटलं. चारुदत्तला मी सांगितलं की लॉक अडकलं होतं, दार उघडतच नव्हतं. हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. पण बोलले. उद्या खरं सांगीन.

२५ एप्रिल

मी सांगायच्या आधीच चारुदत्तने तपनदाला बोलावून घेतलं होतं. फार तोडून बोलला. मला वाटलं होतं, तपनदा लॉक तपासेल आणि यात काहीच बिघाड नाही असं म्हणेल. तसं झालं नाही. त्याने बिनतक्रार चूक कबूल केली. हँडल आणायला उशीर केला, यंत्रही नीट बसलं नसेल, माझंच पाप, असं म्हणत राहिला. आतलं सगळं यंत्र बदलून किल्लीचं बसवलं, बाहेर नवं हँडल लावलं आणि जाताना आईंच्या पाया पडला. सोसायटी आता त्याला काम देणार नाही म्हणे.

मी चहाचा ट्रे धरून उभी होते.

२९ एप्रिल

आईंना सगळं आठवायला लागलं आहे. चारुदत्तच्या शाळेतले मास्तर, नाशिकच्या शेजाऱ्यांच्या मुलांची नावं, मी लग्नात नेसलेला शालू. डॉक्टर म्हणतात, क्वचित असं होतं, कारण शोधत बसू नका. चारुदत्त ऑफिसातून लवकर येतो आणि त्यांच्याजवळ लहान मुलासारखा बसतो.

चहा छान झालाय, असं त्या रोज म्हणतात. एक टोमणा नाही. बाल्कनीत जात नाहीत. सांडगे अजून बाहेरच आहेत. राहू दे म्हणतात.

आता खरं सांगून कोणाचं भलं होणार आहे, असा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर फार लवकर मिळालं, म्हणून त्याच्यावर माझा विश्वास नाही.

२ मे

भाजी घेताना समोरच्या इमारतीतली मधुवंती भेटली. काळजीने म्हणाली की तुमच्या माशीमांना, म्हणजे आईंना, दुपारच्या उन्हात उभं राहू देऊ नका. रोज दिसतात, काचेवर दोन्ही हात ठेवून, तोंड आत करून. कालही होत्या.

काल दुपारभर आई माझ्यासमोर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

मजला चुकला असेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, नाही, जांभळी साडी, आणि खाली वाळत घातलेलं काहीतरी.

ते लुगडं मी स्वतः धुऊन कपाटात ठेवलं आहे. घरी येऊन पाहिलं. आहे.

४ मे

दुपार. आई आत झोपलेल्या. मी हॉलमध्ये.

दाराचं हँडल हळूच खाली आलं. थोडंसंच. मग सुटलं. पुन्हा आलं. हाताला जोर नसलेल्या माणसाने प्रयत्न करावा तसं. बाहेर कोणीही नाही, खुर्ची आणि सांडगे.

हँडल वर उचलून किल्ली फिरवली. मग काचेवर बांगड्या वाजल्या.

५ मे

चोवीस तारखेला मी खोटं लिहिलं. इथेसुद्धा.

मला ऐकू आलं होतं. हेडफोनमधून, दुहेरी काचेतून, बांगड्यांचा आवाज. एकदा, आणि थोड्या वेळाने पुन्हा. कळलंही होतं काय आहे ते. मनात आलं, असू दे, जरा वेळ तरी ‘तू कोण गं’ नको. आणि मी आवाज वाढवला.

अजून एक. आई आत आल्या तेव्हा मी मागे पाहिलं नाही. त्यांच्या पाठीमागे दार लोटलं, आणि हात सवयीने –

कोणाला आत घेतलं मी? आणि कोणाच्या तोंडावर दार लावलं?

७ मे

तपनदाला मीच परस्पर फोन करून बोलावलं. आपली आणखी काही चूक निघाली, अशा चेहऱ्याने आला. बाहेरचं हँडल काढून टाका म्हटलं. का, तर आई चुकून बाहेर जातील म्हणून. हेही खोटंच.

त्याने मुकाट्याने काढलं. फडक्यात धरून आणलं, चटका बसतोय म्हणाला. बाल्कनीत तेव्हा सावली होती. निघताना विचारलं, दीदी, घरात अजून कोणी म्हातारं माणूस आहे का?

नाही म्हणाले.

८ मे

आज काच जास्त वाजली. हँडल नाही, म्हणून फक्त काच.

कान लावला. आवाज अगदी बारीक, पण शब्द कळले. तू कोण गं. तू कोण गं. रागाने नाही. खरंच विचारत होत्या.

आत बसलेल्या आई उठल्या, दारापाशी गेल्या, हँडल वर उचलून घट्ट केलं आणि परत येऊन बसल्या. माझ्यासारखंच. अगदी माझीच सवय.

९ मे

त्यांनी आज स्वतःहून विषय काढला. शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, “उघडायचं असेल तर उघड हो. मी काही अडवणार नाही. पण ती आत आली की मला जावं लागेल.”

मी काचेकडे पाहिलं.

“आणि मग चारूला काय सांगशील?”

शेंगा सोलत राहिल्या. चेहरा मायाळू होता. नेहमीसारखा – नाही, नेहमीसारखा नाही. नेहमी असा कधीच नव्हता.

१० मे

रविवार. चारुदत्त घरी. आईंच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. म्हणाला, मंजू, माझी आई परत मिळाली.

काच वाजत होती. त्याला ऐकू जात नव्हती. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. आताच सांगावं – आता – चहा करायला गेले.

११ मे

आज अगदी हळू वाजली. बांगड्या नाहीत. नुसतं बोट. मध्ये खूप वेळ जातो.

थांबले तर आपोआप बंद होईल. एखादा दिवस. कोणाला काही सांगावं लागणार नाही. चारुदत्त सुखी, घर शांत, चहा छान – आणि मी वाट बघते आहे. तेच करते आहे मी. त्या दिवशीही तेच –

त्या माझ्याच होत्या. जिभेसकट. टोमण्यांसकट.

आत्ता उघडावं तर किल्ली दाराला नाही. आईंच्या कमरेला आहे. मागितली. म्हणाल्या, दमली आहेस, झोप. उद्या बघू.

पुन्हा बोट वाजलं. एकदाच. आता –

नाही. पुन्हा वाट बघत बसणार नाही.

आई खोलीच्या दारात उभ्या आहेत. विचारताहेत, एवढं काय लिहितेस.

उद्याचं काम एकच: चारुदत्त निघायच्या आधी, त्याच्या देखत, सगळं सांगून बाल्कनीचं दार उघ