पहिली जुडी घरात

मी, पालेभाजीच्या मळ्याचा मालक, ज्याला बाजारात सगळे 'कवी' म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही भरीला न पडता लिहीत आहे. अक्षर थरथरतं ते वयाने. डोकं ठिकाणावर आहे. मुलाला शंका असेल तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

एक. राहतं घर मुलीला. मळ्याकडची खिडकी तिने वाटल्यास बुजवावी. तिची आई त्याच खिडकीतून हाका मारायची, "अहो, कविता म्हणून पालक उगवत नाही, पाणी सोडा!" मी सोडायचो. ओढ्याचंच.

दोन. माझी शाळेतली वाचनपुस्तकं नातीला, म्हणजे मुलाच्या मुलीला. त्यातली ओढ्याची कविता मी वाफ्यांच्या कडेने चालताना म्हणत असे. ती तिने पाठ करावी. ओढा मात्र तिला दाखवू नये. वरच्या अंगाला औषधांचा कारखाना आल्यापासून त्याला फेस येतो, आणि कवितेत फेस नाही.

तीन. कारखान्याने वाटलेली दिनदर्शिका त्यांना परत करावी. तिच्यावर हिरव्यागार मळ्याचं चित्र आहे.

चार. मळा. प्रत्येक कापणीची पहिली जुडी आमच्या घरात शिजायची, मगच माल बाजारात जायचा. ही रीत पत्नीची. "आपण खातो तेच लोकांना द्यायचं," म्हणायची. पालक शिरांमधून पिवळा पडू लागला, मुळं खुरटली, तरी तिने रीत मोडली नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या पायाला विळा लागला. साधी जखम, ती चिघळली. डॉक्टर औषधं बदलत राहिले. शेवटी म्हणाले, "यांच्या अंगातले जंतू औषधांना दादच देत नाहीत." तीच औषधं वर कारखान्यात बनतात, त्यांचं सांडपाणी ओढ्यात उतरतं, आणि त्यात वाढणारे जंतू त्या औषधांना सरावतात. हे भाजीतूनच झालं, असं मला सिद्ध करता येणार नाही. मला फक्त तिचं ताट आठवतं.

ती गेल्यावर मुलाने विहिरीजवळ वेगळा वाफा केला, घरच्यापुरता. बाजाराच्या मालाला ओढाच. मी विचारलं, तर म्हणाला, "बाबा, गिऱ्हाईक काय प्रयोगशाळा बरोबर घेऊन येतं?" तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. हेच आता बोलणं समजावं.

विहिरीचं पाणी सगळ्या मळ्याला पुरत नाही, हे मी जाणतो. तरीही मळा मुलालाच देतो, एका अटीवर. माझ्यामागे पहिली कापणी होईल तेव्हा ओढ्याच्या पाण्यावरची पहिली जुडी घरात शिजावी, आणि त्याने ती स्वतःच्या हाताने माझ्या नातीला वाढावी. मगच टेम्पो भरावा. मुलीने, म्हणजे तिच्या आत्याने, शेजारी बसावं आणि नातीने घास उचलण्याआधी ताट काढून घ्यावं.

वाढताना त्याचा हात थांबला, तर माल तिथेच गाडावा आणि मळा मुलीकडे जावा. तिने तिथे कोणी खाणार नाही अशी झाडं लावावीत.

रोपं तिने आत्ताच सांगून ठेवावीत. त्याचा हात थांबेल. तो वाईट बाप नाही.

सही: कवी
साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही), पत्नीवर उपचार करणारे डॉक्टर (सही)
स्थळ: स्वयंपाकघर, तिच्या पाटाशेजारी
दिनांक: पालकाच्या कापणीचा आदला दिवस, सकाळ