डाग न धरणारं घर

२ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
लेकीचा फोन. वीस तारखेला येतेय, बाळाला घेऊन. महिनाभर मुक्काम. नात साडेचार महिन्यांची, म्हणजे दूध ओकणार, लाळ गाळणार आणि बाकीचंही सगळं करणार. सोफ्याला गेल्याच वर्षी नवं कापड घातलंय.
बायकोला आनंदाने रडू आलं आणि ती लगेच स्वेटर विणायला बसली. मी नियोजनाला बसलो. चौतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलं, एक नट इकडचा तिकडे होऊ दिला नाही.
संकल्प : वीस तारखेच्या आत घर डागमुक्त.

४ नोव्हेंबर
हार्डवेअरच्या दुकानातून कोटिंग आणलं. कापड, फरशी, काच, लाकूड, सगळ्याला चालतं. एकदा लावलं की पाणी, दूध, तेल, काहीही ओघळून जातं, डाग म्हणून राहत नाही. दुकानदाराने फडक्यावर करून दाखवलं. दोन डबे घेतले.
डब्याच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात मजकूर. भिंग लावून वाचला. ‘फडक्याने लावावे. फवारू नये. बंद जागेत वापरू नये.’ आता सोफा, गालिचा, बाथरूम आणि पाळणा फडक्याने पुसत बसलो तर नातीचं लग्न होईल तोवर. हे इशारे कंपन्या स्वतःच्या अंगाशी येऊ नये म्हणून छापतात. आपण किती मनावर घ्यायचं ते आपण ठरवायचं.

५ नोव्हेंबर
घरात आलेलं प्रत्येक द्रव मी माझ्या बाटलीत ओततो, त्यावर माझा नंबर टाकतो आणि मूळ डबा भंगारात देतो. रिटायर झाल्यापासूनचा नियम. फिनेल स-५, काच पुसायचं स-७. कोटिंगला स-९ मिळाला.
इस्त्रीच्या वेळी पाणी मारायची बाटली रिकामी होती. तिची तोटी फिरवून फिरवून इतकी बारीक केली की थेंब दिसतच नाही, नुसतं धुकं. दोन डब्यांत अख्खं घर उरकेल.
बायकोने विचारलं, डब्यावर काही सूचना होत्या का. म्हटलं, काही नाही, पाण्यासारखंच आहे. दुसऱ्या डब्यातलं मोठ्या बाटलीत ओतलं. डबे भंगारवाल्याकडे गेले.

६ नोव्हेंबर
१०.३० ते ११.१५ सोफा. खिडक्या बंद, पंखा बंद. ओल्यावर धूळ बसली तर मेहनत पाण्यात. वास अजिबात नाही. वास नाही म्हणजे विष नाही, साधा हिशेब आहे.
नंतर मी गॅलरीत पेपर वाचत बसलो. बायको आतच विणत होती. तिला बजावलं, तासभर दार उघडू नकोस. ती टाके मोठ्याने मोजते, एका दमात वीस. गॅलरीपर्यंत ऐकू येतं.
दुपारी मुद्दाम सोफ्यावर कॉफी सांडली. थेंब घरंगळून खाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळपासून येतंच आहे.

७ नोव्हेंबर
काल संध्याकाळी हुडहुडी भरली. छातीवर कुणी पोतं ठेवलंय असं वाटत होतं. कोरडा खोकला. आज सकाळी ठीक. गॅलरीतला वारा बाधला. बायकोलाही खोकला, माझाच लागला असणार.
संकल्प : गॅलरीत मफलर.

९ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचा रंगारी जिन्यात भेटला. हा माणूस लोकांच्या भिंती रंगवतो आणि न विचारता सल्ले देतो. हातातली बाटली बघून म्हणाला, यात काय आहे. म्हटलं, स-९. त्याला काही उमगलं नाही, मग फोड करून सांगावं लागलं. मास्क लावता का, खिडक्या उघड्या ठेवता का, चौकशीच सुरू झाली. मी म्हटलं, अहो, वाससुद्धा नाही त्याला.
“काका, वास येतो ते बरं असतं,” तो म्हणाला. “निदान माणूस बाहेर तरी पळतो.”
शिवाय म्हणे जाड थेंब नाकातच अडकतो, धुकं थेट छातीत उतरतं. आमच्या लाइनमध्ये आम्ही धुक्याला भितो, असंही म्हणाला. म्हटलं, बघू. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ भेटतात.
बाथरूम उरकलं. दार लावून, वीस मिनिटं.

१० नोव्हेंबर
पुन्हा हुडहुडी. म्हणजे बाथरूममध्येही वारा आहे. खिडकीच्या फटीत कागद कोंबला.

१२ नोव्हेंबर
गालिचा. १०.०० ते १०.५०. बायको पलीकडच्या खुर्चीत, स्वेटरच्या बाह्यांवर.
आता एका दमात बाराच टाके मोजते. नक्षी बदलली असावी.

१४ नोव्हेंबर
आठ टाके.
भाजी घेऊन येताना पहिल्या मजल्यावर पिशवी ठेवून उभी होती. म्हणाली, छाती भरून येते. म्हटलं, येणारच, लेक येतेय इतक्या दिवसांनी. डॉक्टरकडे जाऊन येऊ म्हणाली. वीस तारखेनंतर जाऊ, आत्ता अर्धं घर व्हायचंय. तिने पिशवी उचलली. ती सहसा बोलत नाही, हा तिचा मोठा गुण.
खोकला मलाही आहे. मी त्याचं कौतुक करत बसत नाही.

१६ नोव्हेंबर
पाळणा माळ्यावरून काढून जोडला. लेकीचाच जुना. बायकोने दांड्यांवरून हात फिरवला आणि माझ्या मनातलं ओळखलं.
“पाळण्याला नका मारू,” ती म्हणाली. मध्ये श्वास घेतला. “ती सगळं तोंडात घालते.”
मी हो म्हटलं. हो म्हणजे ऐकलं, एवढंच. दुधाची पहिली उलटी पाळण्यातच होणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको.

१७ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
बायको आंघोळीला गेली तेवढ्यात पाळणा उरकला. चारही बाजू, खालची फळी, गादीसुद्धा. मोठी बाटली संपवली. दार-खिडक्या बंद.

१०.०५
ती आलीच त्या खोलीत. स्वेटरचं शेवटचं बटण लावायला तिथला उजेड चांगला. तिला काही कळलं नाही. वास नसण्याचा केवढा फायदा. मी गॅलरीत.

१०.३०
टाके ऐकू येत नाहीत. झाला वाटतं स्वेटर.

१०.३५
हाक मारली. ओ नाही. बटण तोंडात धरलं असेल.

१८ नोव्हेंबर (हे कागदावर. वही घरी.)
हॉस्पिटल. ती पाळण्याशेजारी जमिनीवर बसली होती, दांडीला धरून. ओठ निळे. रंगाऱ्याने पाठीवर घेऊन जिना उतरवला. मी मागे होतो, मला दर मजल्यावर थांबावं लागत होतं.
डॉक्टर तरुण आहे. विचारलं, घरात काय फवारलं. बाटली आणली होती, दाखवली. त्याने वाचलं, स-९. मग माझ्याकडे बघितलं. मूळ डबा कुठे? भंगारात. नाव? आठवत नाही. दुकानात तसल्या पाच-सहा जाती आहेत, दुकानदार छातीठोक सांगेना. आत काय आहे ते कळलं तर उपचाराला मदत होईल, डॉक्टर पुन्हा पुन्हा म्हणत होता. डब्यावर काही इशारा होता का? मी म्हटलं, नव्हता.
हे वाक्य मी लेकीसमोर बोललो. ती कालच निघून आली, बाळाला सासूकडे ठेवून.
मग बायकोने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क वर केला.
“वही,” ती म्हणाली. “त्यांच्या कपाटात. टॉवेलांच्या खाली.”
माझी वही कुठे असते हे कुणालाही माहीत नाही, असं मी समजत होतो.

२० नोव्हेंबर, दुपारी
डॉक्टरने पानांचे फोटो काढून वही परत दिली. कोटिंगचं नाव वहीत नाहीच, मी सगळीकडे स-९ लिहिलंय. पण फवारू नये असा इशारा कुठल्या डब्यावर होता हे लेकीने दुकानात जाऊन ताडून पाहिलं, तेव्हा डबा सापडला. तारखा, वेळा, टाके, सगळं उपयोगी पडलं म्हणे. चार तारखेच्या पानावर, इशाऱ्याच्या खाली, पेन्सिलची रेघ आहे. ती माझी नाही. डॉक्टरने माझी छाती तपासली, एक्स-रे काढायला सांगितला आणि पुढच्या खाटेकडे गेला.
ती आता तासभर मास्कशिवाय बसू शकते. छाती पूर्ण बरी होईल का हे आत्ता सांगता येत नाही, दोन-तीन महिने बघावं लागेल. लेकीने घराच्या किल्ल्या रंगाऱ्याकडे दिल्या. त्याने सगळ्या खिडक्या उघडल्या, पाळणा आणि गादी बाहेर काढली. बाळ त्या घरात येणार नाही, असं लेक म्हणाली. कधीपर्यंत, हे मी विचारलं नाही. आज वीस तारीख. सोफ्यावर एक डाग नाही.
सकाळी बायकोने चष्मा मागितला आणि वही वाचली. पहिल्या पानापासून, सावकाश. मध्ये दोनदा मास्क लावला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी म्हटलं, चुकलं माझं. फार बारीक आवाज निघाला. तिने पान उलटलं.
वाचून झाल्यावर म्हणाली, “तीस वर्षं माहीत होती जागा. तुमची वही म्हणून कधी उघडली नाही.”
मास्क लावला, चार श्वास घेतले, पुन्हा काढला.
“उघडायला हवी होती.”
संकल्प सुचत नाही. वही आता तिच्या उशाशी असते. एवढं लिहायला मागून घेतली, लिहून झालं की परत द्यायची आहे. ती वाचणार आहे.