बाजूच्या सीटसमोरचा मीटर

कंपाउंडर,

ही चिठ्ठी लिहिणारच नव्हतो. पण तू घरी येतोस तेव्हा मी गॅरेजात, मी येतो तेव्हा तू दवाखान्यात. तीन महिने झाले, घरात मला फक्त तुझा ओला टॉवेल भेटतो.

ऑक्सिजन सेन्सर घेतला एकदाचा, वाइडबँड. इंजिनला पेट्रोल कमी पडतंय की जास्त होतंय, ते धुरावरून आकड्यात सांगतो. मी इंजिनचं पेट्रोल सेट करत होतो तेव्हाच तू म्हणाला होतास, "अरे, मोजून बघ." मी म्हणालो, "आवाजावरून कळतं, माझे कान आहेत ना!" त्या कानांच्या भरवशावर आपल्या गाडीचा पिस्टन जाळला. चूक माझीच होती. तोंडावर बोलायला जमलं नाही.

दुकानात दोन प्रकार होते. एक आकडे स्वतःच साठवतो. दुसऱ्याला नुसता मीटर. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने बाजूला बसून आकडे वाचायचे. दुकानदार म्हणाला, "पहिला घे, मग कुणाची गरज नाही." मी दुसरा घेतला.

इंजिन जोडून झालंय. मीटर तुझ्या सीटसमोर लावलाय. रविवारी तुला सुट्टी आहे, कॅलेंडरवर बघितलं. भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून खा.

तू बाजूला बसेपर्यंत चावीला हात लावणार नाही. आणि बसलास की तू वाचशील तो आकडा खरा, माझ्या कानांचं नावही काढणार नाही. शब्द देतो.