सहकार्य: शंभरपैकी अकरा

३ तारीख, सोमवार
चर्चेच्या खिडकीत एन्टर दाबलं की वाक्य अर्धवटच निघून जातं. माझे सतरा विचार जगाला असे धडाविना मिळाले. यात जगाचंच नुकसान आहे.
ऑनलाइन डिप्लोमा. गटात तिघं: ऑफिसचं स्टोअर सांभाळणारा मी, एक नर्स, एक बेकरीवाला. विषय: दवाखान्यातली रांग. आमची चर्चा एक सॉफ्टवेअर तपासणार. शेवटी सहकार्यात चाळीस मिळाले तरच सर्टिफिकेट. सर्टिफिकेट असेल तरच सुपरिंटेंडंट. नव्या सहीचा सराव केला.

६ तारीख
पहिला निकाल. सहकार्य: अकरा. ऐंशी टक्के मजकूर मी एकट्याने लिहिला, आणखी सहकार्य ते काय करायचं? शेरा: 'इतरांच्या बोलण्याला प्रतिसाद नाही.' बायको म्हणाली, हेच मी पंचवीस वर्षं सांगतेय, तेही सॉफ्टवेअरशिवाय.

७ तारीख, सकाळी
संकल्प: सगळ्यांचं कौतुक. यंत्राला काय कळतंय.

९ तारीख
'छान मुद्दा' त्रेचाळीस वेळा. बेकरीवाल्याने 'लाइट गेली, नंतर येतो' लिहिलं, त्यालाही. त्याने विचारलं, साहेब, तब्येत बरी आहे ना. सिस्टर मला काका म्हणते. पन्नाशीला अजून सात महिने आहेत.

१० तारीख
चौदा. शेरा: 'तोचतोचपणा.' दिवसाला पाच ओळी लिहिणाऱ्या सिस्टरला ब्याण्णव. यंत्र बिघडलंय. तक्रार केली.

१३ तारीख
नवा डाव: प्रश्न विचारायचे. सिस्टरला मत विचारलं. म्हणाली, काका, म्हातारी माणसं नंबर जाईल म्हणून उभी राहतात. टोकन द्याच, पण शेजारी खुर्चीही ठेवा. टोकनवर माझं दोन पानी व्याख्यान तयार होतं. पाठवायचं राहून गेलं.

१७ तारीख
अंतिम निकाल. एक्केचाळीस. नेतृत्व लपत नाही.
बायकोने चष्मा लावून अहवाल पुढे वाचला. त्यातले सत्तावीस 'इतरांनी या सदस्याचे मुद्दे पुढे नेले' म्हणून. इतरांनी म्हणजे सिस्टरने. अकरा ठिकाणी 'काका म्हणाले तसं'. त्यातलं निम्मं मी म्हणालोच नव्हतो. बायकोने चष्मा काढून अहवाल माझ्यापुढे सरकवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

१८ तारीख
गटाचा रांगेचा तक्ता आज द्यायचा. तो भरायची पाळी सिस्टरची, आणि तिला डबल ड्यूटी. तक्त्याला मार्क नाहीत. यंत्र फक्त चर्चा वाचतं, निकाल लागल्यावरही. बत्तीस रकाने भरले. दोनदा तपासले. नाव घातलं नाही.
संध्याकाळी चर्चेत सिस्टरने विचारलं, कुणी भरला? बेकरीवाला म्हणाला, मी नाही बुवा. मी गप्प.
यंत्राचा शेरा: 'सदस्य आज निष्क्रिय.'